१९८०च्या सुमारास पोर्टेबल कॉम्प्युटर केवढ्याला मिळायचा? सामान्य माणसाला तो परवडायचा का?

‘परवडायचा का’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते.

१९८२ साली आम्ही ओहायोत होतो. नवऱ्याची पीएचडी संपत आलेली. लग्नाआधी मी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली होती, त्यामुळे प्रबंध मीच टाइप करणार हे ठरलेलंच होतं. तिसरं प्रकरण चार वेळा टाइप केलं. गाइडनी दोन ओळी वाढवल्या की पुढची सगळी पानं बाद. शेवटी मी पाटल्या मोडल्या, बाकीचे शिलकीतले घातले आणि ऑस्बॉर्न-१ हा पोर्टेबल कॉम्प्युटर आणला. १,७९५ डॉलर. तेव्हा डॉलर साडेनऊ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सतरा हजार रुपये. पुण्याहून दिरांचं पत्र आलं, “एवढ्यात इथे ब्लॉकचं बुकिंग झालं असतं, वहिनींनी शिलाई मशीन आणलं.”

बंद केल्यावर तो दिसायचा शिलाई मशीनसारखाच. अकरा किलो वजन. खालचं झाकण काढलं की तोच कीबोर्ड. स्क्रीन पाच इंची, पोस्टकार्डापेक्षा लहान. एका ओळीत ५२ अक्षरं, पुढचं वाचायला स्क्रीन बाजूला सरकवायचा. पण पहिल्याच रात्री परिच्छेदाच्या सुरुवातीला कंट्रोल-के-बी, शेवटी कंट्रोल-के-के, हवा तिथे कर्सर नेऊन कंट्रोल-के-व्ही दाबलं आणि अख्खा परिच्छेद उचलून तिथे जाऊन बसला. मी नवऱ्याला उठवून परत करून दाखवलं.

आता किमती. आयबीएम ५१०० हा १९७५चा, साधारण पंचवीस किलोचा, ८,९७५ डॉलरपासून पुढे. तो कंपन्यांसाठीच. १९८२चा ग्रिड कंपास ८,१५० डॉलर. १९८३ला बाजारात आलेला कॉम्पॅक पोर्टेबल २,९९५ला, तोही तेरा किलोच्या आसपास. ऑस्बॉर्न या सगळ्यांत स्वस्त होता, तरी त्याचे १,७९५ आजच्या हिशेबात सहा हजार डॉलरच्या वर जातात.

माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या आकड्यावरून महाग-स्वस्त ठरवणं चूक आहे. १९८१चा आयबीएम पीसी १,५६५ डॉलरपासून म्हणतात, पण त्यात ना मॉनिटर, ना फ्लॉपी ड्राइव्ह. ऑस्बॉर्नमध्ये दोन ड्राइव्ह होते आणि मजकूर लिहायचं वर्डस्टार, आकडेमोडीचं सुपरकॅल्क, प्रोग्रामिंगची बेसिक भाषा, सगळं त्याच किमतीत. एकट्या वर्डस्टारची छापील किंमत ४९५ डॉलर होती. दिरांना हे मी दोनदा सविस्तर लिहिलं. उत्तरात दोन्ही वेळा ब्लॉक.

हेही सांगायला हवं की त्यात बॅटरी नव्हती, भिंतीत पिन घातल्याशिवाय चालायचा नाही. एका फ्लॉपीत ९१ केबी मावायचे, म्हणून प्रत्येक प्रकरणाची वेगळी फ्लॉपी. प्रिंटर वेगळा घ्यावा लागला, सेकंडहँड, आणि तो खर्च मी वर धरलेला नाही. कंपनी तर १९८३च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली.

तुम्ही जुन्या किमती जमवत असाल तर प्रत्येकीपुढे सोबत काय मिळायचं तेही लिहा. आणि घरातल्या बाईला काही यंत्र घ्यावंसं वाटत असेल तर ती रोज काय काम करते ते आधी बघा. नवऱ्याच्या प्रबंधानंतर मी आणखी पाच जणांचे प्रबंध त्याच मशीनवर टाइप केले, पानामागे पैसे घेऊन. पाटल्या दोन वर्षांत पुन्हा घडवून घेतल्या. त्यातली एक आत्ता हातात आहे, दुसरी सुनेला दिली.