वाचकांचे प्रश्न : नौरूचे फॉस्फेट कोणी संपवले?

प्रश्न : प्रशांत महासागरातील नौरू या देशाला फॉस्फेटमुळे एकेकाळी अमाप पैसा मिळाला आणि तेथील लोकांनी तो उधळून टाकला, असे वाचनात आले. आम्ही बागेला सुपर फॉस्फेट घालतो, त्यामुळे उत्सुकता वाटली. हे फॉस्फेट तेथे आले कसे, आणि उधळपट्टीची गोष्ट खरी आहे का?
– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : उधळपट्टी झाली, हे खरे आहे, पण तो या गोष्टीचा उत्तरार्ध आहे, आणि पूर्वार्ध गाळून तो सांगणे हा नौरूच्या लोकांवर अन्याय आहे.

नौरू हे विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले, अवघ्या 21 चौरस किलोमीटरचे बेट. किनाऱ्यालगत हिरवी पट्टी आणि आत उंच पठार. या पठारावर प्रवाळी चुनखडीच्या सुळक्यांमधल्या कपारींत फॉस्फेट साचलेले होते. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतील फॉस्फरसचा चुनखडीशी प्रदीर्घ काळ संयोग होऊन ते तयार झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपण जे सुपर फॉस्फेट वापरता, ते अशाच खडकाच्या भुकटीवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून बनवतात. खडकात फॉस्फेटचे प्रमाण जितके जास्त, तितका तो खतासाठी उत्तम, आणि नौरूचा खडक जगातील सर्वांत शुद्ध खडकांपैकी होता.

त्याचा शोध सिडनीतील एका कंपनीच्या कचेरीत लागला. नौरूहून आणलेला एक दगड तेथे दार अडवण्यासाठी ठेवलेला होता आणि ते अश्मीभूत लाकूड असल्याची सर्वांची समजूत होती. अल्बर्ट एलिस यांनी 1899 साली त्याची तपासणी केली, तेव्हा ते उच्च प्रतीचे फॉस्फेट निघाले. बेट त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात होते. ब्रिटिश कंपनीने जर्मनांकडून हक्क मिळवले, काही वर्षांत खोदकाम सुरू झाले आणि जमीनमालकांच्या हाती टनामागे अर्धा पेनी पडू लागला.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट जिंकले. 1919 च्या करारान्वये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी खाणी आपल्याकडे घेतल्या आणि ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ या मंडळाकरवी चालवल्या. हे मंडळ नफ्यासाठी नव्हते; तिन्ही देशांतील शेतीला फॉस्फेट उत्पादनखर्चाच्या भावात पुरवणे हेच त्याचे काम होते. वरवर पाहता ही व्यवस्था निरुपद्रवी वाटते, परंतु जागतिक बाजारात जो भाव मिळाला असता, तो या व्यवस्थेमुळे नौरूच्या वाट्याला कधी आलाच नाही, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील गव्हाची शेते नि कुरणे ज्या स्वस्त खतावर पोसली गेली, त्याची खरी किंमत या बेटाने मोजली. मला या साऱ्या इतिहासातील ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच लोकप्रिय लेखांत सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सुमारे 1,200 नौरूवासीयांना दूरच्या ‘चूक’ नावाच्या बेटांवर नेले. त्यांपैकी 737 जण 31 जानेवारी 1946 रोजी मायदेशी परतले. पुढे साठच्या दशकात, खाणी संपल्यावर बेट राहण्याजोगे उरणार नाही म्हणून सर्वांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळील कर्टिस बेटावर जाऊन वसावे, असा प्रस्ताव ऑस्ट्रेलियाने मांडला. तेथे स्वतंत्र राष्ट्र म्हणून राहता येणार नव्हते. तेव्हा हॅमर डीरॉबर्ट यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी 1964 साली तो नाकारला. स्वातंत्र्यासाठी त्यांनी निवडलेला दिवस म्हणजे 31 जानेवारी 1968, बंदिवासातून परतण्याचाच दिवस. खाणीची यंत्रसामग्री मात्र त्यांना 2 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घ्यावी लागली, आणि तोवर बेटाचा सुमारे एक तृतीयांश भाग खोदून झालेला होता.

आता उत्तरार्ध. उरलेले फॉस्फेट नौरूने स्वतः खणले आणि बाजारभावाने विकले. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात हा देश जगातील अग्रभागी देशांत गणला जाई. पुढील पिढ्यांसाठी न्यास स्थापन झाला होता, पण गुंतवणूक बेफिकीर झाली. मेलबर्नमध्ये 52 मजली ‘नौरू हाऊस’ उभे राहिले. स्वतःची विमानसेवा वर्षानुवर्षे तोट्यात चालली. 1993 साली लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरील एका संगीतिकेलाही पैसा पुरवला गेला आणि तो बुडाला. सल्लागार बव्हंशी परदेशी होते, पण सह्या नौरूच्या राज्यकर्त्यांच्या होत्या, आणि ती जबाबदारी त्यांना टाळता येणार नाही. अखेर कर्जे फेडण्यासाठी 2004 साली ‘नौरू हाऊस’ विकावे लागले.

प्रश्न : गोव्यात खाणींचे खड्डे आणि मातीचे ढीग आम्ही रोज पाहतो. नौरूतील खणलेली जमीन भरून का काढली नाही? आणि आता तो देश कशावर चालतो?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : गोव्यात लोहखनिज काढण्यासाठी वरची माती बाजूला टाकतात, त्यामुळे खड्ड्याशेजारी ढीग उभा राहतो आणि निदान परत भरण्याजोगे काही तरी उरते. नौरूत तसे ढीगच फारसे झाले नाहीत. क्रेनच्या पंज्याने सुळक्यांमधील फॉस्फेट उपसायचे, दळून वाळवायचे आणि किनाऱ्यावर न्यायचे, असा क्रम होता. बेटाला नैसर्गिक बंदर नाही, प्रवाळकड्याबाहेर समुद्र एकदम खोल होतो. त्यामुळे जहाज बाहेर बोयांना बांधून ठेवत आणि किनाऱ्यावरून कड्यापलीकडे झेपावणाऱ्या प्रचंड लोखंडी हातांवरील पट्ट्यांवरून माल थेट जहाजाच्या पोटात सोडत. जे उपसले ते सारे जहाजाने गेले. मागे उरले ते कित्येक मीटर उंचीचे, दाटीवाटीने उभे असलेले करडे सुळके. त्यांच्यात धड चालता येत नाही, मग घर वा शेत कसे करणार? बेटाचा सुमारे 80 टक्के भाग असा झाला आहे.

हे पुनर्वसन कोणी करायचे, हा प्रश्न नौरूने चिवटपणे लढवला. श्रीलंकेचे विधिज्ञ क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने स्वातंत्र्यपूर्व खोदकामाची जबाबदारी तपासली आणि 1989 साली नौरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. न्यायालयाने 1992 मध्ये ऑस्ट्रेलियाचे प्रमुख आक्षेप फेटाळून खटला चालवण्यायोग्य ठरवला. अंतिम निकालाआधीच, 1993 मध्ये, ऑस्ट्रेलियाने 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. सुळके फोडून, त्यांचाच चुरा पसरून जमीन सपाट करण्याचे काम चालू आहे, पण त्याची गती अतिशय मंद आहे. सुपीक मातीचा थर तर नव्यानेच घडवावा लागेल.

उत्पन्नाचे म्हणाल, तर तळाच्या थरांतील थोडे फॉस्फेट 2000 नंतरच्या दशकात पुन्हा काढले गेले. मुख्य आधार मात्र परदेशी नौकांकडून मिळणारे मासेमारीचे परवानाशुल्क आणि ऑस्ट्रेलियाने आश्रयार्थींना ठेवण्यासाठी तेथे चालवलेल्या केंद्राचा पैसा हा आहे. 2015 साली नवा न्यास स्थापन झाला असून त्यात देणगीदार देशांचाही सहभाग आहे. याखेरीज नौरूने खोल समुद्रतळावरील निकेल, कोबाल्ट, तांबे व मँगनीज असलेल्या गोट्यांकडे डोळे लावले आहेत. तेथे खाणकाम सुरू व्हावे म्हणून त्याने जून 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला दोन वर्षांत नियम पूर्ण करण्याची सूचना दिली, पण त्या मुदतीत नियम झाले नाहीत. असेच गोटे शोधण्याचा करार भारतानेही मध्य हिंदी महासागरातील 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी केलेला आहे, तेव्हा त्या नियमांत काय लिहिले जाते, याच्याशी आपलाही थेट संबंध आहे.