पुण्यात नदीकाठी तळमजल्यावर राहतो, दोन लहान मुलं आहेत. आणीबाणीसाठी काय तयारी ठेवावी?

आधी पाठांतर, मग पिशवी. आईबाबांचं पूर्ण नाव आणि एक मोबाइल नंबर पोरांना झोपेतून उठवलं तरी म्हणता यायला हवा. आमच्या धाकटीने तो पाढ्यांच्या चालीत पाठ केलाय. शिवाय कुठल्याही आणीबाणीसाठी ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठा नदी चढते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतून लोकांना बोटीने काढावं लागलं. आंबील ओढ्याला तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पावसानेच पूर आला, त्याने धरणातल्या पाण्याची वाटही पाहिली नाही! म्हणून पावसाळाभर ओआरएस, तापाचं औषध, कोरडे कपडे, टॉर्च, कागदपत्रं एका सॅकमध्ये दाराशीच ठेवा.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना आजच सांगून ठेवा, रात्री-अपरात्री पोरं घेऊन येऊ म्हणून. पाणी शिरण्याआधी मेन स्विच बंद. पार्किंगमधली गाडी काढायला मात्र धावू नका.