मुलीला माणसांपेक्षा मांजरं जवळची वाटतात, आमचं काय चुकलं?

प्रश्न: आम्ही देश सोडून इथे परदेशात येऊन राहिलो. आमची मुलगी इथेच वाढली, आता ३६ वर्षांची आहे, चांगल्या नोकरीत आहे आणि आमच्यापासून गाडीने चार तासांवर एकटी राहते. म्हणजे एक कुत्री आणि दोन मांजरं आहेत सोबतीला. लग्नाचा विषय आम्ही हल्ली काढतच नाही. मागच्या भेटीत मी एवढंच म्हटलं की निदान एखादी मैत्रीण तरी ठेव घरात, तर म्हणाली, ‘आई, मला माणसांबरोबर राहायचंच नाही. ही तिघं बरी.’ तेव्हापासून तिचे बाबा गप्प आहेत. आमच्याकडे आली तरी दोन दिवसांवर थांबत नाही, कारण मांजरं घरी असतात. पोटच्या मुलीला माणसांपेक्षा जनावरं जवळची वाटावीत, इतकं आमचं काय चुकलं? की तिलाच काही त्रास आहे आणि तिला डॉक्टरकडे न्यायला हवं?

उत्तर:

ताई, तुम्ही दोघं नकोत असं ती म्हणालेली नाही. तुम्ही मात्र तेच ऐकलंत आणि दुखावून बसलात. भेटणं, बोलणं, जीव लावणं वेगळं आणि एका छपराखाली रोजच्या रोज राहणं वेगळं. ज्यांनी इतकी वर्षं संसार केला त्यांना हा फरक मी काय सांगणार!

एकत्र राहण्यात माणूस सगळ्यात जास्त कशाने दमतो? पैसे, पसारा, कामाची वाटणी यावरून खटके उडतात खरे, पण खरा शीण येतो तो खुलासे देऊन. उशीर का झाला, चेहरा का उतरलाय, फोन कोणाचा होता, मघाशी असं का बोललीस, आज गप्प का आहेस. विचारणारं माणूस मायेनेच विचारतं. तरीही उत्तर द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर का नाही दिलं, तेही सांगावं लागतं. प्राणी कष्ट भरपूर मागतो. भर पावसात फिरायला न्या, घाण काढा, रात्री ओकला तर उठून पुसा, सुट्टीचे बेत त्याच्या सोयीने आखा. पण खुलासा मागत नाही. प्राण्यांच्या संगतीत राहणं पसंत करणाऱ्या बहुतेकांचं कारण मला तरी यातच सापडतं.

‘मुके जीव निरपेक्ष प्रेम करतात’ हे मला फारसं पटत नाही. पहाटे पाच वाजता छातीवर चढून ओरडणाऱ्या मांजराला अपेक्षा नसतात असं कोण म्हणेल? अपेक्षा असतात, पण त्या उघड असतात, ठरलेल्या असतात आणि पुऱ्या करता येतात. वाटी भरली की विषय मिटला. माणसांच्या अपेक्षा बदलत राहतात, पुष्कळदा बोलून दाखवलेल्याही नसतात, आणि पुऱ्या केल्या तरी मागच्या वेळी केल्या नव्हत्या याची आठवण निघते.

यावर प्रयोगही झालेत. १९९१ मध्ये अमेरिकेत कॅरन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रा पाळणाऱ्या स्त्रियांना किचकट तोंडी हिशेब करायला सांगितले आणि त्या वेळी नाडी, रक्तदाब मोजला. शेजारी जिवलग मैत्रीण होती तेव्हा ताण वाढला, आपला कुत्रा होता तेव्हा तो कमी राहिला. पुढे २००२ मध्ये त्यांनी २४० जोडप्यांवर असाच अभ्यास केला. निम्म्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर होतं. या वेळी हिशेबांच्या जोडीला हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायची परीक्षाही होती. ज्यांच्याकडे प्राणी होते त्यांच्यात ताण सगळ्यात कमी दिसला आणि सगळ्यात लवकर उतरला तो प्राणी जवळ असताना. नवरा किंवा बायको शेजारी बसल्याचा तेवढा उपयोग झाला नाही. (हे घरी वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.) यात मैत्रिणीचा किंवा नवऱ्याचा दोष काहीच नाही. आपलं चुकलं तर हे माणूस पाहणार, लक्षात ठेवणार, एवढी जाणीवच पुरते. कुत्र्याला सातातून तेरा वजा होतात की नाही याच्याशी कर्तव्य नसतं.

आता तुमच्यासारख्या, देश सोडून आलेल्या घरांविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं. परदेशात वाढलेलं मूल लहानपणापासून खुलासेच देत असतं. शाळेत आपल्या नावाचा उच्चार समजावून सांगायचा, आपल्या घरी अमुक का चालत नाही ते सांगायचं. घरी आलं की मैत्रिणींकडे सगळं कसं चालतं ते आईबाबांना पटवायचं. दोन्हीकडे ते दुभाषा आणि दोन्हीकडे थोडं परकं. नोकरीत बोलायची एक तऱ्हा, नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलवर दुसरी. हे तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, कोणीच करत नाही. पण इतकी वर्षं दोन्ही बाजूंना आपली बाजू मांडत आलेल्या बाईला संध्याकाळी दार उघडल्यावर जो जीव भेटतो, त्याला तिची भाषा, पगार, वय, लग्न यातलं काहीच समजून घ्यायचं नसतं. ही विश्रांती आहे. ती तिला हवीशी वाटते, याचं मला नवल वाटत नाही.

शिवाय समोरून येणारा जिव्हाळा खोटा नसतो. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळातल्या ओढीशी ज्याचा संबंध आहे, तेच हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत असं झालं नाही. मांजर आपमतलबी, असं आपण सहज म्हणून जातो, पण २०१९ मध्ये अमेरिकेत पिल्लांवर झालेल्या अभ्यासात साधारण ६५ टक्के पिल्लांचं पाळणाऱ्या माणसाशी सुरक्षित नातं दिसलं. अनोळखी खोलीत ते माणूस परत आलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ती पुन्हा निर्धास्त हुंदडायला लागायची.

आणि हे आजकालचं फॅडही नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचं पिल्लू एकत्र पुरलेलं होतं. दातांवरून संशोधकांना कळलं की पिल्लू मरण्याआधी पुन्हा पुन्हा गंभीर आजारी पडलं होतं आणि कोणी शुश्रूषा केल्याशिवाय ते त्यातून तगलं नसतं. शिकारीला किंवा राखणीला ज्याचा काही उपयोग नाही अशा आजारी पिल्लाची सेवा करणारं माणूस तेव्हाही होतं. त्याचे नातेवाईक त्याला काय म्हणाले असतील, कोण जाणे!

पण प्राणी पाळला की एकटेपणा गेला आणि तब्येत सुधारली, असंही समजू नका. १९८० मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांवरचा एक अभ्यास गाजला होता. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. आकडे भारी आहेत, पण नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. प्राण्याला औषध समजणाऱ्यांची निराशा होऊ शकते, आणि त्या प्राण्याची तर नक्कीच.

म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येते. प्राणी तीन आहेत, हे काळजीचं कारण नाही. ती एकटी राहते, हेही नाही. तिचं जग आकसत चाललंय का, ते बघा. पूर्वीच्या मैत्रिणी, छंद, सहली एकेक करून सुटल्या का? झोप आणि कामावर जाणं बिघडलंय का? स्वतःच्या दुखण्याकडे ‘यांना कोण बघेल’ म्हणून दुर्लक्ष करते का? प्राण्यांची संख्या वाढतेय आणि त्यांचीच आबाळ होतेय का? शेवटच्या गोष्टीला मानसोपचारात साठवणुकीच्या विकारात जागा आहे, तो गंमतीचा विषय नाही. यातलं काही दिसलं तर तिच्याशी बोला आणि तज्ज्ञाला भेटायचं सुचवा. ‘न्यायला हवं’ हा शब्दप्रयोग मात्र टाका, ती ३६ वर्षांची आहे. आणखी एक शक्यता मनात असू द्या. एखाद्या माणसाने तिला फार दुखावलं असेल आणि तिने ते तुम्हाला सांगितलं नसेल. खोदून विचारू नका. सांगावंसं वाटलं तर सांगता येईल इतकी जागा ठेवा.

उलट चित्रही असू शकतं. ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली तीन शहरं मिळून झालेल्या २०१५ च्या एका अभ्यासात प्राणी पाळणाऱ्यांची शेजारपाजाऱ्यांशी ओळख होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. कुत्रं घेऊन रोज त्याच रस्त्याने जाणारं माणूस फार दिवस अनोळखी राहत नाही. तिच्या गल्लीत तिला ओळखणारी माणसं तुमच्या गल्लीत तुम्हाला ओळखणाऱ्यांपेक्षा जास्त असतील. विचारून बघा.

तिच्या बाबांना माझा निरोप द्या. त्यांचं गप्प बसणं म्हणजेसुद्धा जाब विचारणंच आहे, आणि मुलीला ते बरोबर ऐकू येतं. ‘कुत्री कशी आहे?’ एवढा फोन त्यांनी करावा. कुत्रीच्या निमित्ताने ती स्वतःबद्दल चार गोष्टी आपण होऊन सांगेल, फक्त मध्येच लग्नाकडे वळायचं नाही.

दोन दिवसांच्या भेटीवरही उपाय आहे. मांजर जागेला धरून असतं, चार तास पिंजऱ्यात घालून परक्या घरी नेणं बऱ्याच मांजरांना सोसत नाही. ते काही ती बहाणे म्हणून सांगत नाही. कुत्रीला घेऊन ये म्हणा, किंवा तुम्हीच तिकडे जा. तुम्हाला भीती वाटत असेल, केसांनी शिंका येत असतील तर तसं सांगा आणि जवळपास उतरायची सोय बघा. ‘घरात जनावर नको’ हे तत्त्व म्हणून सांगितलंत, तर तिला ते ‘तू नको’ असंच ऐकू येईल.

तुमची लेक हे वाचत असेल तर तिलाही दोन शब्द. तुझी निवड योग्य आहे की नाही, ते ठरवायचा मला अधिकार नाही. पण पाठीवरचा तीळ बदललाय हे मांजर सांगणार नाही, इस्पितळात तुझ्या वतीने बोलायला कुत्री येणार नाही आणि तू चुकतेस हे तुला तिघांपैकी कोणीच सांगणार नाही. त्यासाठी निदान दोन माणसं हाताशी ठेव, ती घरात राहिली नाहीत तरी चालतील. कुत्र्याचं आयुष्य साधारण १० ते १३ वर्षांचं, मांजराचं थोडं जास्त. या तिघांचंही जाणं तुला पाहायचं आहे.

तो दिवस येईल तेव्हा, ताई, ‘कुत्रीच तर होती’ किंवा ‘दुसरी आण’ असं म्हणू नका. ज्या दुःखाला लोक दुःख मानत नाहीत ते जास्त अवघड असतं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये त्यावर एक अख्खं पुस्तक संपादित केलं आहे. सांत्वनाला जसं कोणाकडेही जाता तसं जा.

तोवर करण्यासारखं एक काम आहे, आणि लग्नापेक्षा त्यावर बोलणं सोपं जाईल. उद्या ती अचानक आजारी पडली किंवा अपघात झाला, तर त्या घराचं दार कोण उघडणार? कोणाला काय आणि किती खायला द्यायचं, औषधं कोणती, व्हेट कोण, हे कागदावर लिहिलेलं आहे का? बहुतेक देशांच्या कायद्यात पाळीव प्राणी ही मालमत्ता धरली जाते. म्हणून आपल्यामागे त्यांना कोणी सांभाळायचं आणि त्यासाठी पैसे कुठून येतील, हे मृत्युपत्रात लिहून ठेवणं बरं, आणि ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारायला हवं. ते नाव तुमचं असावं असं वाटत असेल तर तसं सांगा. घराची एक किल्ली मागून घ्या, आणि ती घ्यायला जाल तेव्हा कुत्रीला पट्टा कसा लावायचा तेही शिकून या.