केमो वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेस

सगळ्या औषधांचे डोस पाठ करण्याची घाई सध्या नको. ते हळूहळू येतीलच. आधी शीर निवडायला शिका. डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर झिरपल्यास आसपासची त्वचा व मांस सडू शकते, म्हणून मनगटाजवळची आणि कोपराच्या खोबणीतली शीर टाळा, आणि रुग्ण ‘जरा चुरचुरतंय’ म्हणाला की औषध तत्काळ थांबवून डॉक्टरांना बोलवा. मात्र सुई लगेच काढू नका, कारण उरलेले औषध तिच्यातूनच ओढून घ्यायचे असते. नवे लोक घाबरून नेमके उलटे करतात.

व्हिन्क्रिस्टिन मणक्यात गेल्यास जीवघेणे ठरते, त्यामुळे ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीतूनच शिरेत द्यावे. पॅक्लिटॅक्सेल या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी सुरुवातीलाच उसळू शकते, म्हणून ते सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे खाटेपासून हलू नका. हातमोजे दुहेरी घाला, हे वेगळे सांगायला नकोच.

रुग्ण घरी निघताना मळमळीविषयी सगळेच बोलतात, तापाचे मात्र राहून जाते. केमो दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप ३८ अंश सेल्सिअसवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळच्या परळच्या लोकलची वाट न पाहता, रात्रीच जवळचे रुग्णालय गाठावे, हे कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांना लिहून द्या.