मुले शिकली, पण उपक्रमामुळे शिकली का?

प्रश्न : मी कराड तालुक्यातील एका गावात राहते. एम. ए. (अर्थशास्त्र) आणि बी. एड. झाल्यावर गेली दोन वर्षे एका स्वयंसेवी संस्थेच्या वाचन-उपक्रमात चाचण्या घेण्याचे काम करते. जुलैमध्ये अक्षरे ओळखताना अडखळणारी बरीच मुले मार्चमध्ये परिच्छेद वाचू लागली आणि उपक्रम यशस्वी झाल्याचे अहवालात नोंदवले गेले. ही मुले नेहमीच्या शाळेतच एवढे शिकली नसती कशावरून, असे मी विचारले, तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही. याच विषयात पीएच. डी. करून पुढे विद्यापीठात काम करावे असे वाटते. घरच्यांचा आग्रह मात्र शिक्षकाच्या नोकरीचा आहे. मी काय करावे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुम्ही विचारलेला प्रश्न हाच कार्यक्रम-मूल्यमापनाचा, म्हणजे एखाद्या उपक्रमामुळे खरोखर किती फरक पडला हे तपासणाऱ्या विद्याशाखेचा पाया आहे, आणि तो वाचून नव्हे, तर काम करताना तुम्हाला पडला, याचे मला विशेष मोल वाटते. आठ महिन्यांत मूल वाढते आणि शाळेतही शिकते. त्यामुळे उपक्रमाचा वाटा किती हे ठरवायचे, तर उपक्रम न मिळालेल्या, पण बाकी सर्व बाबतींत तशाच मुलांशी तुलना करावी लागते.

ही तुलना कोणत्याही मुलावर अन्याय न करता कशी करता येते, याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच आहे. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणी (म्हणजेच बालसखी) रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवत असत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे त्याचे मूल्यमापन झाले. वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळांची विभागणी करून काही शाळांना तिसरीसाठी, तर उरलेल्या शाळांना चौथीसाठी बालसखी देण्यात आली. त्यामुळे कोणतीही शाळा वंचित राहिली नाही आणि प्रत्येक इयत्तेला तुलनागटही मिळाला : एका गटातील तिसरीच्या मुलांची तुलना दुसऱ्या गटातील, बालसखी न मिळालेल्या तिसरीशी करता आली, आणि चौथीचेही तसेच. मुलांचे गुण निश्चित वाढले. परंतु उपक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ती वाढ बरीच ओसरलेली आढळली. हा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्तेर द्युफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला त्यातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वाटते ती वर्षभराने परत जाण्याची, कारण आपल्याकडचे बहुतेक अहवाल शेवटच्या चाचणीपाशीच थांबतात.

तुमच्या भागात आणखी एक अडचण आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी कराड-वाळव्याकडे येणाऱ्या कुटुंबांतील मुले दिवाळीच्या सुमारास दाखल होतात आणि हंगाम संपताच परततात. जुलैच्या यादीत नसलेली मुले मार्चच्या सरासरीत मिसळली, किंवा मार्चपूर्वी निघून गेलेली वगळली गेली, तर शिकवण्यात काहीही फरक न पडता आकडा बदलतो. या गोष्टी गावात राहणाऱ्याला सहज दिसतात. त्या संख्याशास्त्राच्या भाषेत मांडता येणे हीच तुमची पात्रता ठरेल.

‘शैक्षणिक कार्यक्रम-मूल्यमापन’ अशा नावाचे पद जाहिरातीत क्वचितच दिसते. शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र विभागातूनच या क्षेत्रात शिरावे लागते. तुम्ही अर्थशास्त्राचीच वाट धरावी आणि अनुमानात्मक संख्याशास्त्राचा (थोड्या नमुन्यावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढण्याच्या शास्त्राचा) पाया पक्का करावा, असे माझे मत आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण (राखीव गटांना ५ टक्के सवलत) लागतात. त्यासोबत नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पीएच. डी.चा आर्थिक भार हलका होतो. मार्गदर्शक निवडताना त्यांनी स्वतः प्रत्यक्ष लोकांत जाऊन सर्वेक्षण केले आहे का, हे अवश्य पाहा.

घरच्यांच्या आग्रहाकडे अडथळा म्हणून पाहू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून, नियोक्त्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रासह, अंशकालीन पीएच. डी. करता येते. तोपर्यंत संस्थेची लेखी परवानगी घेऊन दोन्ही वर्षांचे मूळ तक्ते मिळवा आणि प्रत्येक मूल कोणत्या महिन्यात आले, कोणत्या महिन्यात गेले, याची नोंद लावायला घ्या. तुमच्या संशोधन आराखड्याचे पहिले प्रकरण त्यातूनच उभे राहील.