सर्व्हरवर 'पाळत' ठेवावी की 'देखरेख'?

एका पतसंस्थेच्या संगणक विभागासाठी मराठी कार्यपुस्तिका लिहिणाऱ्या वाचकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. मसुद्यात 'डेटाबेस सर्व्हरवर सतत पाळत ठेवावी' असे वाक्य आहे आणि त्यातली 'पाळत' सहकाऱ्यांना खटकते, तेव्हा हा शब्द बरोबर आहे का, हा पहिला प्रश्न. ऑथेंटिकेशन (आलेला माणूस तोच आहे ना, हे तपासणे) आणि ऑथरायझेशन (त्याला काय करू द्यायचे, हे ठरवणे) या दोन्हींसाठी 'प्रमाणीकरण' हा एकच शब्द वापरला आहे, तो चालेल का, हा दुसरा. त्यांचा सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा आहे, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतो.

सहकाऱ्यांचा कान बरोबर आहे. पाळत ज्याच्यावर ठेवायची त्याला ती कळू द्यायची नसते. पोलीस संशयितावर पाळत ठेवतात, आणि चोरही बंद घरावर पाळत ठेवूनच घरफोडी करतात. म्हणजे पाळत ठेवणाऱ्यावर समोरच्याच्या भल्याची जबाबदारी असतेच असे नाही. देखरेखीत मात्र ती गृहीत धरलेली असते. रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतो, बांधकाम मुकादमाच्या देखरेखीखाली चालते, आणि दोन्ही ठिकाणी बघणाऱ्याला वेळ आली की हात घालण्याचा अधिकार असतो. सर्व्हरवर एका वेळी किती जोडण्या उघड्या आहेत (मूळ मांडणीत त्यांची मर्यादा 100 असते), कोणती क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) अडकून पडली आहे, डिस्कवर जागा किती उरली आहे, हे आपण पाहतो ते काही बिघडू लागल्यास सावरता यावे म्हणून. ही देखरेखच आहे.

याच्या शेजारचा 'निगा' हा शब्दही पुस्तिकेत यावा असे मला वाटते. तो फारसी 'निगाह'वरून, म्हणजे 'नजर' या अर्थाच्या शब्दावरून आला. पण मराठीत आल्यावर त्याला नुसत्या पाहण्यापेक्षा जपण्याचा अर्थ चिकटला. आपण झाडांची निगा राखतो, दातांची राखतो. पोस्टग्रेसमध्ये बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या ओळींचे जुने अवशेष तक्त्यात तसेच राहतात आणि व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करते. हे काम देखरेखीत मोडत नाही, निगेत मोडते, आणि दोन्ही एकाच शब्दाखाली घातली की वाचणाऱ्याला पाहणे आणि करणे यांतला फरक दिसेनासा होतो.

तरीही 'पाळत' पुस्तिकेतून पुरती हद्दपार करू नये. पोस्टग्रेसच्या 10 व्या आवृत्तीपासून 'पीजी मॉनिटर' नावाची तयार भूमिका, म्हणजे खात्याला देता येणारा अधिकारांचा संच, मिळते. सर्वाधिकार असलेले खाते न वापरता देखरेख करता यावी, यासाठी ती आहे. या भूमिकेने तक्त्यांतला मजकूर वाचता येत नाही, मात्र इतर वापरकर्त्यांनी चालवलेल्या क्वेरींचा मजकूर दिसू शकतो आणि त्या मजकुरात एखाद्या खातेदाराचा क्रमांकही असू शकतो. देखरेखीसाठी दिलेली ही मुभा कुणी विशिष्ट कर्मचारी काय शोधतो हे त्याच्या नकळत बघण्यासाठी वापरली, तर त्या कृतीला 'पाळत' हेच नाव आहे. ती केव्हा आणि कुणाच्या परवानगीने ठेवता येईल, हे सांगणाऱ्या कलमात हा शब्द जरूर वापरावा, कारण तिथे 'देखरेख' लिहिणे ही लपवाछपवी होईल.

आता दुसरा प्रश्न. 'आधार प्रमाणीकरण' हा शब्द 2019 च्या शेतकरी कर्जमुक्ती योजनेने गावोगाव पोचवला, त्यामुळे ऑथेंटिकेशनसाठी 'प्रमाणीकरण' लोकांना परका राहिलेला नाही. पण भाषेच्या चर्चेत हाच शब्द प्रमाणरूप ठरवण्यासाठी वापरतात, आणि आपल्या मसुद्यात तर तो ऑथरायझेशनचेही ओझे वाहतो आहे. या दोन गोष्टी पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळ्या जागी ठरतात. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या नावाने, कोणत्या डेटाबेससाठी आलेल्या माणसाची ओळख कशी पटवायची, हे पीजी-एचबीए नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ती वरून खाली वाचली जाते आणि लागू पडणारी पहिली ओळच अखेरची ठरते. त्या ओळीनुसार ओळख पटली नाही, तर पुढची ओळ पाहिलीच जात नाही. आत आलेल्याने कोणता तक्ता वाचावा आणि कोणता बदलावा, हे मात्र ग्रँट या आज्ञेने ठरते. म्हणून पहिल्यासाठी 'ओळख पटवणे' आणि दुसऱ्यासाठी 'अधिकार देणे' असे साधे शब्द वापरावेत. संस्कृत धातूंना प्रत्यय जोडून नवे नाम घडवण्यापेक्षा ही क्रियापदे रात्रपाळीच्या माणसाला लवकर कळतील.

त्याच फाइलमध्ये 'ट्रस्ट' असा एक पर्याय असतो. मसुद्यात त्याला 'विश्वासार्ह' म्हटले आहे, ते कृपया बदलावे. त्याचा खरा अर्थ 'काही न विचारता आत सोडा' इतकाच आहे, आणि 'विश्वासार्ह' वाचून एखादा नवखा माणूस तोच सर्वांत सुरक्षित पर्याय समजेल.

पासवर्डसाठी 'परवलीचा शब्द' लिहावा का, असेही आपण जाता जाता विचारले आहे. परवली म्हणजे पहारेकऱ्याने हटकल्यावर सांगायचा, आधी ठरलेला खुणेचा शब्द. अर्थाने तो पासवर्डचा सख्खा भाऊ. पण आजच्या वर्तमानपत्री मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द, आणि गुप्त ठेवायच्या गोष्टीला हे नाव देणे आता उलटेच होते. शिवाय परवली उच्चारावी लागते. पोस्टग्रेसच्या 14 व्या आवृत्तीपासून पासवर्ड साठवण्यासाठी मुळातच लागू असलेल्या स्क्रॅम पद्धतीत पासवर्ड जाळ्यावरून पाठवलाच जात नाही, तो आपल्याला ठाऊक आहे एवढे सिद्ध करावे लागते. मराठीत याला 'खूण पटवणे' म्हणतात. तेव्हा नाम 'पासवर्ड' राहू द्यावे आणि क्रियापद आपले घ्यावे.

मसुद्यातले मूळ वाक्य मी असे लिहीन: 'डेटाबेस सर्व्हरवर सतत देखरेख ठेवावी, त्याची नियमित निगा राखावी, आणि ओळख पटल्याशिवाय कुणालाही आत सोडू नये.'