१९५१ साली रेल्वे सरकारजमा झाली का?

प्रश्न : माझे वडील ग्वाल्हेरच्या छोट्या रेल्वेवर गार्ड होते. त्यांच्या सेवापुस्तिकेत नोव्हेंबर १९५१ पासून 'मध्य रेल्वे' असा शिक्का आहे. नातवाच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात '१९५१ : रेल्वेचे राष्ट्रीयीकरण' असे छापले आहे, वडील मात्र "आम्ही त्याआधीच दिल्लीचे नोकर झालो होतो" असे सांगत. खरे काय मानायचे? त्या वर्षी देशात आणखी काय घडत होते?
— एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. खासगी कंपन्यांच्या मोठ्या रेल्वे सरकारने एकेक करून आधीच ताब्यात घेतल्या होत्या : जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) १९२५ मध्ये, बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) १९४२ मध्ये, बंगाल-नागपूर १९४४ मध्ये. संस्थानांपैकी बडोद्याची गायकवाड रेल्वे १९४९ मध्ये बीबीसीआयमध्ये विलीन झाली, आणि १ एप्रिल १९५० रोजी संस्थानांचे आर्थिक एकीकरण अमलात आले तेव्हा ग्वाल्हेर संस्थानची, म्हणजे आपल्या वडिलांची, शिंदे स्टेट रेल्वेही केंद्राकडे गेली. म्हणजे मालकीचा प्रश्न १९५१ उजाडण्यापूर्वीच मिटला होता.

१९५१ मध्ये झाली ती फेररचना. प्रत्येक रेल्वेचे नियम, हिशेब, भांडार आणि कारखाने वेगळे होते. ते मोडून थोडे पण मोठे झोन करायचे ठरले. १४ एप्रिलला दक्षिण रेल्वे झाली, ५ नोव्हेंबरला मध्य आणि पश्चिम. उत्तर, पूर्व आणि ईशान्य रेल्वे १४ एप्रिल १९५२ रोजी झाल्या. मध्य रेल्वेत जीआयपी, निजाम स्टेट, शिंदे स्टेट आणि धोलपूर स्टेट या चार रेल्वे एकत्र आल्या.

याचा अर्थ त्या काळी आपल्या ग्वाल्हेर स्टेशनावर उभे राहिल्यावर चटकन कळे. एकीकडे दिल्ली-मुंबई मार्गाचा १,६७६ मिलिमीटरचा मोठा रूळ, तो जीआयपीचा. दुसरीकडे भिंड, शिवपुरी आणि श्योपूरला जाणारा अवघ्या दोन फुटांचा छोटा रूळ, तो शिंदे सरकारचा. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जाणे शक्यच नव्हते, त्यामुळे श्योपूरकडून आलेले पोते पुढे पाठवायचे तर ते हमालाच्या पाठीवरूनच मोठ्या गाडीत चढे. ५ नोव्हेंबरनंतरही हे पोते तसेच उचलावे लागले, कारण झोन बदलल्याने रुळांची रुंदी बदलत नाही. बदलले ते एवढेच की दोन्ही रुळांचे मुख्यालय आता मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस झाले. माझ्या मते पाठ्यपुस्तकांनी 'राष्ट्रीयीकरण' हा एकच शब्द वापरून या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत केली आहे, आणि ज्यांनी आधी संस्थानची नोकरी सोडून केंद्राची धरली व मग झोनही बदलताना पाहिला, त्यांच्यावर तो अन्याय आहे.

देशात त्या वर्षी मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३६ कोटी भरली आणि पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन जमीनसुधारणेच्या कायद्यांना न्यायालयातील आव्हानापासून घटनेच्या नवव्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. ग्वाल्हेर तेव्हा मध्य भारत राज्यात होते, आणि त्या राज्याचा जहागिरी नष्ट करणारा कायदाही १९५१ चाच. इथल्या अनेक मराठी सरदार घराण्यांच्या घरात त्या वर्षाची आठवण रेल्वेपेक्षा या कायद्यामुळे अधिक राहिली असेल. २५ ऑक्टोबरला हिमाचलातल्या चिनी (आजचे कल्पा) या गावी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले, कारण हिवाळ्यात तिथल्या वाटा बर्फाने बंद होतात. मध्य रेल्वेचा जन्म त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी झाला.

आता सेवापुस्तिकेत एप्रिल १९५० च्या आसपासच्या नोंदी पाहा. पगार मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम किंवा नियमांचा उल्लेख तिथे बदललेला दिसला, तर वडिलांच्या सांगण्याला त्यांच्याच पुस्तिकेचा लेखी पुरावा मिळेल. आढळल्यास आम्हांला अवश्य कळवा.